डेक काळा पडलाय? आधी काळं कशाचं ते ओळखा, मग केमिकल आणा

पाऊस उघडला की घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या सोसायट्यांत एक काम हमखास निघतं. टेरेसवरचे, बाल्कनीतले, क्लबहाउसच्या स्विमिंग पूलभोवतीचे लाकडी डेक घासायला काढतात. चार महिने भिजून फळ्या काळवंडलेल्या असतात, पाय ठेवला की बुळबुळतं, आणि हाउसकीपिंगवाल्याच्या हाताशी जे असेल ते त्यावर ओतलं जातं. बहुतेक वेळा ते फरशीचं ॲसिड असतं, नाहीतर पाण्याच्या टाकीत टाकायचा हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच. डेक त्या दिवशी उजळतोही. पण पुढच्या पावसाळ्यात तो आधीपेक्षा लवकर काळा पडतो, फळ्यांवर लव उठते आणि स्क्रूंच्या डोक्यांभोवती काळे ओघळ येतात. मग दुकानदार आणखी जहाल काहीतरी देतो.

डेकवर जे काळं दिसतं ते एकाच जातीचं नसतं. शेवाळ आणि बुरशी हा एक प्रकार, लोखंडाचे डाग हा दुसरा, उन्हाने मेलेलं राखाडी लाकूड हा तिसरा, आणि तेलकट मळ हा चौथा. एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला शिवतही नाही. म्हणून खरेदीआधी पंधरा मिनिटं ओळख पटवण्यात घालवावीत. पैसे तर वाचतातच, लाकूडही वाचतं.

उन्हापावसात लाकडाचं काय होतं

लाकडात मुख्यतः सेल्युलोजचे लांब तंतू असतात आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन असतं. स्लॅबमधल्या सळया आणि त्यांच्याभोवतीचं काँक्रीट, साधारण तसंच. उन्हातले अतिनील किरण आधी लिग्निन फोडतात. फुटलेलं लिग्निन पावसाच्या पाण्यात विरघळून जातं आणि वर सैल, राखाडी तंतू उरतात. या सैल थरात पाणी मुरतं, धूळ अडकते, आणि बुरशीला राहायला जागा मिळते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाही इतकी दमट असते की दोन सरींच्या मधेसुद्धा फळीची खालची बाजू वाळत नाही.

आता हायपो, कॉस्टिक आणि ॲसिड काय करतात ते पाहा. हायपो लिग्निनवरच हल्ला करतो, म्हणजे उन्हाने अर्धवट सोडलेलं काम पुरं करतो. कॉस्टिक सोडा तर कागद गिरण्यांत लाकडाचा लगदा करायला वापरतात. तोच डब्यातून डेकवर ओतला की छोट्या प्रमाणात तेच होतं. फरशीचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, तंतूंमधला हेमिसेल्युलोज नावाचा भाग तोडतं आणि वर स्क्रू गंजवतं. तिन्हींनंतर लाकूड पांढरट, स्वच्छ दिसतं. हात फिरवला तर मात्र ते खरखरीत, केसाळ लागतं. ही केसाळ लव म्हणजे बंध सुटलेले तंतू. पुढच्या पावसाचं पाणी त्यांतून आणखी वेगाने आत जातं.

थेंबांची परीक्षा

डेकचा एक कोपरा साध्या पाण्याने आणि ब्रशने धुऊन घ्या, वाळू द्या. मग तीन थेंब लागतील.

पहिला थेंब साध्या पाण्याचा. तो मोत्यासारखा उभा राहिला तर जुनं तेल किंवा सीलर अजून जिवंत आहे. अशा डेकला भांड्यांच्या साबणापलीकडे काही लागत नाही. मिनिटभरात थेंब शोषला गेला तर लाकूड उघडं पडलं आहे.

दुसरा थेंब घरातल्या कपड्यांच्या ब्लीचचा, काळ्या ठिपक्यावर. एक-दोन मिनिटांत ठिपका फिका झाला तर ती बुरशी किंवा शेवाळ आहे. इथे ब्लीच फक्त तपासणीपुरतं, थेंबभर. लगेच पाण्याने पुसून घ्या.

तिसरा थेंब ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याचा, चमचाभर पावडर एका कप पाण्यात. तो दुसऱ्या जागी टाका, ब्लीचच्या थेंबावर अजिबात नको. निळसर काळा डाग पाच मिनिटांत विरघळल्यासारखा गेला तर तो लोखंड आणि टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) यांचा डाग आहे. सागवानात, बाभळीत, आयपे या दक्षिण अमेरिकेतल्या कठीण लाकडात टॅनिनसारखी द्रव्यं असतात. लोखंडाचा कण आणि ओल मिळाली की त्यांची शाई होते. जुन्या काळी लिहायची काळी शाई याच रसायनाने बनायची. कुंडीच्या लोखंडी स्टँडखाली उमटणारं काळं कडं, ग्रिलच्या वेल्डिंगमधून पडलेल्या कणांचे ठिपके, साध्या लोखंडी स्क्रूभोवतीचे ओघळ, सगळे याच घरातले. हे डाग ब्लीचने हलत नाहीत, कितीही ओता. डेकवर ब्लीच वाया जातं ते सर्वात जास्त इथेच.

दोन्ही थेंबांनी काहीच झालं नाही आणि रंग एकसारखा राखाडी असेल तर ते उन्हाने मेलेलं लाकूड आहे. आणि डाग पारदर्शक, गडद, बोटाला चिकट असेल तर तेल. दिवाळीत पणत्या थेट डेकवर ठेवतात, तिथे हे गोल डाग हमखास सापडतात.

बहुतेक डेकना पुरणारं औषध: सोडियम परकार्बोनेट

बुरशी, शेवाळ, मळ आणि वरचा राखाडी थर या सगळ्यांना मिळून एक पावडर पुरते. ती म्हणजे सोडियम परकार्बोनेट, पांढरी, दाणेदार. पाण्यात पडली की तिचे दोन भाग होतात: धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. सोडा मळ आणि चिकटपणा सोडवतो, पेरॉक्साइड बुरशी मारतो आणि रंग उडवतो, शिवाय बुडबुड्यांनी रेषांमधली घाण वर येते. शेवटी पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतो. क्लोरीनचा वास नाही, गंजही नाही. लिग्निनला थोडा धक्का हाही देतो, पण हायपोच्या मानाने फार कमी.

कपड्यांच्या डागांच्या पावडरींत हाच घटक असतो, पण तिथे तो साबण, सुगंध आणि भरतीच्या मिठांबरोबर येतो. डेकसाठी नुसतं परकार्बोनेट किलोच्या पाकिटात ऑनलाइन मिळतं, ते घ्यावं. पाकिटावर घटक लिहिलेले नसतील तर घेऊ नये, मग दुकानदार कितीही "ऑक्सी" म्हणो.

प्रमाण लिटरला ५० ते ६० ग्रॅम. हलक्या मळाला ३० ग्रॅम पुरतात. पाणी कोमट हवं, ४० ते ४५ अंश, म्हणजे हात सहज बुडवता येईल इतकं. थंड पाण्यात पावडर आळशीपणे काम करते. उकळतं पाणी घेतलं तर पेरॉक्साइड बादलीतच उडून जातो आणि डेकवर नुसता सोडा पोचतो. "पावडर चालली नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा या दोनांपैकी एक कारण असतं. तिसरं कारण सकाळी कालवून संध्याकाळी वापरलेलं पाणी. कालवल्यापासून चार तासांत त्याचा जोर संपत आलेला असतो, म्हणून लागेल तेवढंच कालवावं. उरलेलं झाकण लावून बाटलीत किंवा फवारणीच्या पंपात अजिबात ठेवू नये. आत ऑक्सिजन साठत राहतो आणि बाटली फुगून फुटते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. परकार्बोनेटचं पाणी अल्कधर्मी असतं, पीएच साडेदहाच्या आसपास. सागवानावर ते पडलं की लाकूड गडद तपकिरी, कधी कधी लालसर काळं होतं. लोक घाबरतात आणि आणखी पावडर टाकतात. ती चूक. हा टॅनिनचा अल्कलीमधला रंग आहे, आम्लाचा हात फिरला की तो उतरतो.

दुसरा हात: ऑक्झॅलिक किंवा सायट्रिक

ऑक्झॅलिक ॲसिड मिळवायला लांब जावं लागत नाही. मार्बल आणि कोटा पॉलिश करणारे ते रोज वापरतात, त्यामुळे ठाण्यात जांभळी नाक्यावर किंवा वाशीत हार्डवेअरच्या दुकानात "पॉलिशचं ऑक्झॅलिक" म्हटलं की पुडा पुढे येतो. ते लोखंडाला पकडून पाण्यात विरघळणारं संयुग बनवतं, त्यामुळे शाईचा डाग धुऊन जातो. सोड्याने गडद झालेलं लाकूडही ते पुन्हा मूळ रंगावर आणतं.

ते काय करत नाही, तेही लक्षात ठेवा. ते बुरशी मारत नाही, तेल काढत नाही, मळ सोडवत नाही. न धुतलेल्या डेकवर थेट ऑक्झॅलिक मारलं तर मळाखालचे डाग तसेच राहतात.

प्रमाण लिटरला ४० ग्रॅम, हट्टी डागावर ६० पर्यंत. वेळ १० ते १५ मिनिटं. कोमट पाण्यात विरघळतं. पाणी आधी, पावडर नंतर, हा क्रम कोणत्याही केमिकलला लागू. आणि हे विष आहे, याबद्दल गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. पोटात गेलं तर शरीरातल्या कॅल्शियमशी मिळून त्याचे स्फटिक होतात आणि मूत्रपिंडात अडकतात. दिसायला ते साखर-मिठासारखं, म्हणून पुडा स्वयंपाकघराच्या आसपाससुद्धा नको.

घरात रांगतं मूल किंवा कुत्रा-मांजर असेल आणि डेकवर लोखंडाचे डाग नसतील तर ऑक्झॅलिक आणूच नका. नुसता सोड्याचा परिणाम घालवायला सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, लिटरला ५० ग्रॅम, पुरेसं आहे. लोखंडावर ते कमजोर पडतं. व्हिनेगर त्याहून कमजोर आणि महाग. इंटरनेटवर त्याची जेवढी स्तुती होते तेवढं काम ते डेकवर करत नाही.

ऑक्झॅलिक डेकखालच्या मार्बलवर किंवा पॉलिश केलेल्या कोट्यावर साचलं तर चकाकी खातं. फळ्यांच्या फटींतून पाणी खाली जाणारच, तेव्हा खालची लादी सतत ओली ठेवून भरपूर पाणी सोडावं.

साठ चौरस फुटांची बाल्कनी: प्रत्यक्ष काम

दहा बाय सहाची बाल्कनी धरू. उघड्या लाकडाला साधारण २० ते २५ चौरस फुटांना एक लिटर द्रावण लागतं, म्हणजे प्रत्येक हाताला ३ लिटर. परकार्बोनेट १८० ग्रॅम, ऑक्झॅलिक १२० ग्रॅम. हातमोजे नायट्राइलचे, डोळ्यांवर गॉगल, पायात गमबूट. नायलॉनचा मध्यम कडक ब्रश, लांब दांड्याचा. तारेचा ब्रश आणि स्टीलची घासणी दूर ठेवा. त्यांचे बारीक तुकडे रेषांमध्ये रुततात, गंजतात आणि महिन्याभरात डेकभर काळे ठिपके उमटतात. ते मग तुम्हीच पेरलेले असतात.

वेळ सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर. तापलेल्या फळीवर द्रावण पाच मिनिटांत वाळतं आणि कडा असलेले चट्टे राहतात.

कुंड्या बाहेर काढा, न हलणाऱ्या झाडांना आणि भिंतीला आधी पाणी मारा. कबुतरांची विष्ठा असेल तर ती कोरडी खरवडू नका. ती धूळ छातीत गेली तर फुप्फुसांना सूज येण्याचे आजार होतात. साबणाच्या पाण्याने दहा मिनिटं भिजवून, एन९५ मास्क लावून, ओल्या फडक्याने उचला. पणतीच्या तेलाच्या डागांवर आदल्या रात्री मुलतानी मातीचा जाड थर टाका, सकाळी झाडून घ्या आणि उरलेला डाग भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात घासा.

आता सगळा डेक पाण्याने भिजवा. ही पायरी लोक गाळतात. कोरडं लाकूड पहिल्या घोटात केमिकल खोलवर ओढून घेतं आणि मग ते धुऊन निघत नाही. भिजलेल्या लाकडावर द्रावण वरच राहतं, आणि घाणही वरच असते.

परकार्बोनेटचं द्रावण झारीने किंवा ब्रशने पसरा, १५ ते २० मिनिटं थांबा. वाळायला लागलं तर थोडं पाणी शिंपडा. मग रेषांच्या दिशेने घासा, आडवं घासू नका. फेस तपकिरी होतो, ती मेलेल्या लिग्निनची आणि बुरशीची घाण. भरपूर पाण्याने धुवा, फटींतून खाली पडलेलंसुद्धा.

डेक ओला असतानाच ऑक्झॅलिकचं द्रावण मारा. रंग डोळ्यांदेखत उजळताना दिसतो. पंधरा मिनिटांनी हलका ब्रश फिरवा आणि या वेळी आधीपेक्षा जास्त, दोन-तीन वेळा धुवा. शेवटचं ओघळणारं पाणी पीएच पट्टीवर तपासा. मत्स्यालयाच्या किंवा पूलच्या सामानाच्या दुकानात या पट्ट्या मिळतात. रंग ६ ते ७.५ च्या मधे आला की धुणं पुरं झालं. कमी धुतलं तर वाळल्यावर पांढरी पूड उरते. पुढे पॉलिश पेपर मारताना तीच उडते आणि नाकाघशाला झोंबते. बोअरवेलचं जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळेही पांढरट थर येतो. शेवटचं धुणं नळाच्या पाण्याने करावं.

प्रेशर वॉशरचा मोह आवरा. गाडी धुवायची घरगुती मशिनं १०० ते १३० बारची असतात, आणि सागवानावर जवळून तेवढा दाब म्हणजे तासणीच. वापरायचंच असेल तर पंख्यासारखा फवारा देणारं ४० अंशांचं नोझल लावा, फळीपासून फूटभर अंतर ठेवा, एका जागी थांबू नका. धुवायला चालतं, खरवडायला नाही.

हायपो कुठे चालतो, आणि कशात कधीच मिसळायचा नाही

घरगुती ब्लीचमध्ये चार-पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट असतं, कॅनमधल्या हायपोमध्ये दहा-बारा. म्हणजे "एकाला पाच" (एक भाग हायपो, पाच भाग पाणी) हे प्रमाण दोन्हींना एकच नव्हे. त्यात उन्हाळ्यात दुकानाबाहेर तापलेला कॅन निम्म्या जोराचाही असू शकतो, तेव्हा मोजमापाला काही अर्थच उरत नाही. रंग दिलेल्या लाकडावर दाट बुरशी असेल तर एक टक्क्याचं द्रावण, दहा मिनिटं, आणि लगेच धुणं, एवढं चालेल. उघड्या सागवानावर नको. हायपोमधला क्लोराइड स्टेनलेस स्क्रूलाही बारीक खड्डे पाडतो. खाडीकडून येणारा खारा वारा आधीच ते काम करत असतो.

आता जीवघेणी चूक. हायपो आणि कोणतंही ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. फरशीचं ॲसिड, टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, लिंबूफूल, ऑक्झॅलिक, सगळी ॲसिडं यात आली. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवाबरोबर क्लोरामाइन निघतं, तेही तितकंच वाईट. हे नेहमी मुद्दाम होत नाही. काल हायपो वापरलेली बादली, तोच मग, तोच ब्रश, किंवा नीट न धुतलेला डेक आणि त्यावर आज ॲसिड. बंद बाल्कनीत, काचा लावलेल्या असतील तर, दोन श्वासांत छाती जखडते. तसा उग्र वास आला तर सामान आवरत बसू नका, आधी बाहेर मोकळ्या हवेत पळा. श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करा. डोळ्यात कोणतंही केमिकल गेलं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं. ऑक्झॅलिक पोटात गेलं असेल तर उलटी काढायची नाही, पुडा सोबत घेऊन थेट हॉस्पिटल.

आमचा सल्ला सरळ आहे. डेकच्या कामाची बादली आणि ब्रश वेगळा ठेवा, आणि हायपो त्या बादलीत कधी जाऊच देऊ नका.

पावसाळ्यात मधेच निसरडं झालं तर

जुलैत डेक पूर्ण धुवून उपयोग नाही, वाळणार कधी? तिथे फक्त शेवाळ मारायचं. बेंझाल्कोनियम क्लोराइड, बाजारात बीकेसी म्हणून ओळखतात, बहुतेक वेळा ५० टक्क्यांचं मिळतं. लिटरभर पाण्यात २० मिली टाकलं की एक टक्का होतं. दोन-तीन तास पावसाची उघडीप बघून फवारा, घासू नका, राहू द्या. शेवाळ तपकिरी होऊन दोन-चार दिवसांत सुटतं, मग झाडून काढा. याचा साबणाशी छत्तीसचा आकडा आहे. डेकवर साबणाचा अंश राहिला असेल तर बीकेसी निकामी होतं, त्यामुळे दोन्ही एकत्र कालवणं म्हणजे पैसे गटारात.

आणि गटारात गेलेलं कुठे जातं, हेही इथे बोलायला हवं. ठाण्यातले नाले आणि नवी मुंबईतल्या पावसाळी गटारांचं, धारण तलावांत साठणारं पाणी शेवटी खाडीतच उतरतं. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. बीकेसी आणि हायपो दोन्ही मासे आणि पाण्यातल्या बारीक जिवांना घातक आहेत. उरलेलं द्रावण पावसाळी जाळीत ओतू नका. ते हिशोबाने इतकंच कालवा की उरणारच नाही. परकार्बोनेटची बाजू इथेही वरचढ ठरते, मागे सोडाच राहतो.

बाल्कनीचं पाणी खाडीच्याही आधी खालच्या मजल्यावर पोचतं, हे वेगळं सांगायला नको. ब्लीचचे थेंब खालच्या दोरीवरच्या साड्यांवर पडले की सोसायटीच्या ग्रुपवर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

लाकूड कोणतं, यावर काय बदलतं

सागवान, बाभूळ, आयपे यांना वरची दोन हातांची पद्धत जशीच्या तशी लागू. फक्त बाभळीच्या, एकमेकींत अडकवायच्या लाकडी फरशा उचलून खालची प्लास्टिकची जाळी स्वतंत्र धुवा, खरी बुरशी तिथे असते. पाइन मऊ असतो. परकार्बोनेट लिटरला ३० ग्रॅमच घ्या, ब्रशही मऊ.

हिरवट झाक असलेला जुना प्रक्रिया केलेला पाइन मात्र वेगळा. त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण असू शकतं. अशा लाकडावर हायपो किंवा परकार्बोनेट मारलं तर क्रोमियम जास्त विषारी रूपात जाऊ शकतं, आणि ॲसिडने आर्सेनिक बाहेर येतं. तिथे साबण आणि पाणी, एवढंच. पॉलिश पेपर मारू नका, आणि निघालेल्या फळ्या शेकोटीत घालू नका.

डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, याला बुरशी लागत नाही असं विकणारे सांगतात. भुशाला लागते. परकार्बोनेट चालतं, गंजाच्या डागाला ऑक्झॅलिक चालतं. थिनर आणि ॲसिटोन नाही, पृष्ठभाग विरघळून कायमचा चकचकीत चट्टा पडतो.

धुतल्यानंतर

हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या तारखांप्रमाणे मुंबईतून मोसमी पाऊस साधारण ८ ऑक्टोबरला परततो. त्यानंतरचे ऊन असलेले दिवस या कामाला सर्वात चांगले. धुतलेलं लाकूड चार-पाच कोरडे दिवस वाळू द्या. लाकडातली ओल मोजणारा आर्द्रतामापक असेल तर १५ टक्क्यांच्या आसपास आकडा येईपर्यंत तेल लावू नका. ओल कोंडली की तेलाखाली बुरशी धरते. उठलेली लव १०० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने हलकी काढा. त्याहून बारीक पेपरने लाकूड इतकं गुळगुळीत होतं की तेल नीट मुरत नाही.

नुसतं जवसाचं तेल आपल्या हवेत बाहेर लावू नका. ते बुरशीचं खाद्य आहे, आणि पहिल्याच पावसाळ्यात डेक काळा करतं. बुरशीनाशक आणि अतिनील किरण अडवणारा रंगद्रव्याचा अंश असलेलं डेक ऑइल घ्या. बिनरंगी तेल ऊन अडवत नाही. पातळ हात द्या, अर्ध्या तासाने न मुरलेलं पुसून घ्या. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती स्वतःहून तापतात आणि पेट घेतात. पाण्यात भिजवून किंवा मोकळ्या हवेत सुटी पसरून वाळवा आणि मगच फेका.

साधे लोखंडी स्क्रू तसेच ठेवले तर ऑक्झॅलिकने गेलेले डाग पुढच्या पावसात परत येतील. सुताराकडून ते ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसने बदलून घ्या. पाम बीच रोड, सीवूड्स, उलवे अशा खाडीकाठच्या इमारतींत ३१६ ग्रेडने. पैसे जास्त जातात, पण दरवर्षीचं ऑक्झॅलिक वाचतं.

उरलेली पावडर मूळ पाकिटात, कोरड्या जागी, कुलपात. परकार्बोनेट आणि ऑक्झॅलिक वेगवेगळ्या खणांत. परकार्बोनेटच्या पाकिटाला ओला चमचा लावू नका, आणि डबा हवाबंद असण्यापेक्षा आतला वायू बाहेर जाऊ देणारा बरा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कोणतंही द्रावण भरू नका, "उद्या लागेल" म्हणूनही नाही.